गच्चीवरच्या वायरी

स्मरणिकेसाठी काहीतरी लिहा, असं संपादक मंडळाने सांगितलं तेव्हा मी आधी सरळ नाही म्हणालो. सोसायटीची नोंदणी कधी झाली, लिफ्ट कधी बसली, पाण्याची टाकी कितीदा दुरुस्त केली, हे सगळं इतिवृत्ताच्या वह्यांत आहे आणि सेक्रेटरींच्या लेखात येणारच आहे. मी आणखी काय लिहिणार? पण यंदाच्या मे महिन्यात गच्चीचं वॉटरप्रूफिंग निघालं आणि माझा विषय मला गच्चीवरच सापडला.

कॉन्ट्रॅक्टरचा मुलगा खाली येऊन म्हणाला, "काका, वर वायरींचं जंगल आहे. जिवंत कुठली, मेलेली कुठली, सांगा. त्याशिवाय कोबा फोडता येणार नाही." कमिटीतल्या तरुण मंडळींना काही सांगता येईना. सोसायटीचा पहिला खजिनदार मी, त्यामुळे पक्कड घेऊन मलाच वर जावं लागलं. वर काय काय निघालं म्हणता? एक गंजका अँटेनाचा पाइप, जाड काळ्या वायरींची भेंडोळी, पाण्याने भरलेला अँप्लिफायरचा डबा, अकरा छोट्या डिश आणि सगळ्यांच्या वरून गेलेली दोरीसारखी बारीक फायबरची वायर. एकावर एक थर. आपल्या अठ्ठावीस घरांनी पंचवीस वर्षं, आणि त्याआधी चाळीत असताना, टीव्ही कसा पाहिला याचा सगळा इतिहास तिथे पडला होता.

त्यातली एक वायर मी चुकीची कापली. ते शेवटी सांगतो. आधी थर उलगडू.

वरळीकडे तोंड

मुंबई दूरदर्शन सुरू झालं २ ऑक्टोबर १९७२ ला. दिल्लीत टीव्ही १९५९ मध्येच आला होता, मुंबईला तेरा वर्षं वाट पाहावी लागली. मी तेव्हा पंधरा वर्षांचा. आज आपली इमारत उभी आहे तिथे बैठी चाळ होती. पलीकडे फाळणीनंतर आलेल्या पंजाबी-सिंधी कुटुंबांच्या वसाहती, अलीकडे कोळी बांधवांची घरं, आणि आज गुरु तेगबहादूर नगर म्हणतात त्या स्टेशनचं नाव तेव्हा कोळीवाडा. आमच्या पिढीच्या तोंडी अजून तेच आहे.

चाळीत पहिला टीव्ही आला तो एका पंजाबी कुटुंबात. त्यासाठी पोस्टातून लायसन्स काढावं लागे, हे आजच्या मुलांना सांगितलं तर हसतात. गुरुवारी छायागीत आणि रविवारी संध्याकाळी सिनेमा असला की त्या घरात पाय ठेवायला जागा नसायची. चपलांचा ढीग दारात, खिडकीच्या गजांना लटकलेली पोरं, आणि घरची बाई बिचारी स्वतःच्याच घरात उभी. 'आमची माती आमची माणसं' हा शेतकऱ्यांचा कार्यक्रमसुद्धा आम्ही मुंबईची पोरं डोळे लावून बघायचो. दुसरं काही नव्हतंच.

अँटेनाचं तोंड वरळीच्या मनोऱ्याकडे करायचं, हे तेव्हा प्रत्येक पोराला पाठ. वारा आला की ते फिरायचं. मग एक जण कौलांवर, एक जण दारात आणि एक जण टीव्हीसमोर, अशी साखळी लागायची. "आलं का?" "नाही आलं!" "आता?" "आलं, आलं... गेलं!" गच्चीवर सापडलेला तो गंजका पाइप आमच्याच घरचा. नवीन इमारतीत येताना वडिलांनी हट्टाने आणला होता. केबल काय, आज आहे उद्या नाही, असं त्यांचं म्हणणं.

१९८२ मध्ये एशियाडच्या वर्षी रंग आले. १९८४ ला 'हम लोग', १९८७ च्या जानेवारीत 'रामायण', १९८८ च्या २ ऑक्टोबरला 'महाभारत'. रविवारी सकाळी रस्ते ओस पडायचे. पण एक लक्षात घ्या, या सगळ्या काळात टीव्हीचा महिन्याचा खर्च म्हणजे फक्त विजेचं बिल. पुढे तर लायसन्सही रद्द झालं. पाहणाऱ्याने पैसे मोजायचे ही गोष्ट घरात आली ती वायरीबरोबर.

दोन व्हीसीआर आणि एक वायर

उपग्रह येण्याआधीच मुंबईत केबल आली होती, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर एखादा धडपड्या मुलगा खोलीत दोन व्हीसीआर मांडायचा आणि आजूबाजूच्या इमारतींत वायर फिरवायचा. दुपारी एक पिक्चर, रात्री एक. आपल्या वस्तीतही असाच एक मुलगा होता. त्याचं नाव इथे लिहीत नाही, कारण तो लाजेल. आपण सगळे त्याला केबलवाले दादा म्हणतो. आज त्याचे केस माझ्यापेक्षा पांढरे आहेत.

जानेवारी १९९१ मध्ये आखाती युद्ध सुरू झालं. सीएनएनवर युद्ध चालू असताना दिसतं, ही बातमी पंचतारांकित हॉटेलांतून बाहेर आली. त्याच वर्षी हाँगकाँगहून स्टार टीव्ही सुरू झाला, एशियासॅट-१ या उपग्रहावरून. तो सिग्नल पकडायला मोठी थोरली जाळीची डिश लागायची. एका घराला ती परवडणारी नव्हती आणि ठेवायला जागाही नव्हती. पण केबलवाल्याकडे आधीच वायर होती! त्याने एक डिश उभारली, आणि व्हीसीआरच्या वायरीतून जग आत आलं. २ ऑक्टोबर १९९२ ला झी टीव्ही सुरू झाला, म्हणजे मुंबई दूरदर्शनला वीस वर्षं पूर्ण झाली नेमकी त्या दिवशी.

दादाची ती डिश मला अजून दिसते. त्यांच्या मामाच्या पत्र्यावर उभी होती आणि तिच्या खाली मामी बोंबील वाळत घालायची.

हे सगळं चालू होतं तेव्हा केबलसाठी वेगळा कायदाच नव्हता. सरकारने १९९४ मध्ये वटहुकूम काढला आणि १९९५ मध्ये केबल टेलिव्हिजन नेटवर्क्स कायदा झाला. केबलवाल्याने मुख्य पोस्टात नोंदणी करायची, दूरदर्शनचे ठरावीक चॅनेल दाखवायचेच, असे नियम आले. तोपर्यंत मोठ्या कंपन्याही धंद्यात उतरल्या होत्या. त्या सिग्नल द्यायच्या आणि गल्लीतला केबलवाला तो घरोघर पोचवायचा. दादा मालक होता तो हळूहळू एजंट झाला, तरी वायर त्याची होती, पैसे त्याच्याच हातात पडायचे आणि चॅनेल गेला तर शिव्याही त्यालाच.

इमारत उभी राहिली तेव्हा

२००० मध्ये आपली सोसायटी नोंदली गेली. पहिल्या सभेच्या इतिवृत्तात पाणी, पार्किंग आणि तिसऱ्याच क्रमांकावर 'केबल जोडणीबाबत' असा विषय आहे. काय तो उत्साह! आदल्याच वर्षी, १५ ऑगस्ट १९९९ ला, अल्फा मराठी सुरू झालं होतं आणि 'आभाळमाया' घराघरांत लागत होती. २००० च्या जुलैत ई-टीव्ही मराठी आलं. ३ जुलै २००० ला 'कौन बनेगा करोडपती' सुरू झालं आणि रात्री नऊ वाजता जिन्यात चिटपाखरू दिसेनासं झालं.

सभेत ठरलं की दादालाच काम द्यायचं. जिन्यातल्या डक्टमधून एक मुख्य वायर, प्रत्येक मजल्यावर स्प्लिटर, गच्चीवर अँप्लिफायर. गच्चीच्या विजेचं बिल कोण भरणार यावर पाऊण तास वाद झाला, तेवढा पुढे लिफ्टच्या करारावरही झाला नाही.

आपल्या इमारतीची गंमत अशी की एकाच वायरीतून प्रत्येकाला वेगळं गाव हवं होतं. पहिल्या मजल्यावरच्या अम्मांना सन टीव्ही, पापाजींना गुरबाणी, आम्हाला मराठी, पोरांना क्रिकेट. दादा वहीत लिहून घ्यायचा आणि आठ दिवसांत काहीतरी करून आणायचा. २६ जुलै २००५ च्या पुरात खालचे डबे बुडाले आणि केबल बंद पडली, तेव्हा चिखलात उभं राहून त्यानेच वायरी पुसल्या होत्या.

पण याच पद्धतीत भांडणाचं मूळही होतं. सुरुवातीला जे चॅनेल फुकट होते ते नव्वदीच्या मध्यापासून एकेक करून पैसे मागू लागले. कंपनी केबलवाल्याला विचारायची, तुझ्याकडे घरं किती? समजा पाचशे घरं असली तर तो शंभर सांगायचा. कुणी मोजणार कसं? एकदा वायर गेली की तिला किती फांद्या फुटल्या ते वरून दिसत नव्हतं. मग कंपनी दर वाढवायची, केबलवाला आपल्याकडून जास्त घ्यायचा, आणि पटलं नाही तर ऐन मालिकेच्या वेळी चॅनेल काळा. चॅनेलवाले आणि केबलवाले यांच्या भांडणात अंधार मात्र आपल्या घरात.

डबा

या दुखण्यावर सरकारने औषध काढलं ते डब्याचं, म्हणजे सेट-टॉप बॉक्सचं. २००२ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली. कल्पना साधी होती : फुकटचे चॅनेल सगळ्यांना, आणि पैशांचे चॅनेल डब्यातून, ज्याला जो हवा तो. चेन्नईत ते २००३ मध्ये सुरू झालं. मुंबई, दिल्ली आणि कोलकाता या शहरांत मात्र पुढे ढकललं, कोर्टात गेलं, आणि शेवटी ३१ डिसेंबर २००६ च्या मध्यरात्री तिन्ही शहरांच्या ठरावीक दक्षिण भागांत लागू झालं. निदान तीस फुकट चॅनेलना महिना ७७ रुपये आणि कर, वर एकेका पे चॅनेलला ५ रुपये. आज ते आकडे वाचून डोळ्यांत पाणी येतं.

त्याच सुमारास छोट्या डिश आल्या. घरावर थेट सिग्नल घेण्याला, म्हणजे डीटीएचला, १९९७ मध्ये बंदी होती. २००० च्या नोव्हेंबरमध्ये परवानगी मिळाली. डिश टीव्ही २००३ मध्ये आला (तारीख पुन्हा २ ऑक्टोबर!), दूरदर्शनची फुकट सेवा २००४ च्या डिसेंबरात, टाटा स्काय २००६ च्या ऑगस्टमध्ये.

आपल्या इमारतीतलं पहिलं मोठं भांडण या डिशवरून झालं, ते जुन्या मंडळींना आठवत असेल. टीव्हीचे उपग्रह विषुववृत्तावर, जमिनीपासून सुमारे ३६ हजार किलोमीटर उंच असतात. मुंबई विषुववृत्ताच्या उत्तरेला, म्हणून आपल्याकडची प्रत्येक डिश दक्षिणेच्या अंगाला तोंड करून बसते. ज्यांच्या खिडक्या दक्षिणेला त्यांनी ग्रिलवर डिश लावली आणि मोकळे झाले. उत्तरेकडच्या चौदा घरांना गच्चीशिवाय मार्ग नव्हता. गच्ची सगळ्यांची, भोकं एकाची, आणि गळती सातव्या मजल्यावरच्यांच्या डोक्यावर! सभेत आवाज चढले. शेवटी ठराव झाला की कठड्याला भोक पाडायचं नाही, डिश सिमेंटच्या ठोकळ्यावर ठेवायची. कितीजणांनी तो पाळला, ते यंदा कॉन्ट्रॅक्टरने दाखवलंच. अकरापैकी सात डिशचे बोल्ट कठड्यात होते, आणि त्यात एक माझी स्वतःची.

डिशवाल्यांची घमेंड पहिल्या पावसापर्यंतच टिकली. सिग्नल ज्या लहरींवर येतो त्या जोरदार पावसात क्षीण होतात. जुलैत धो धो सुरू झालं की डिशच्या घरात पडदा निळा, आणि शेजारी केबलवर मालिका चालू. मग वाटी घेऊन साखर मागायला जावं तसं लोक शेजारी टीव्ही बघायला जायचे.

डब्याची सक्ती सबंध मुंबईवर आली ती ३१ ऑक्टोबर २०१२ ला. आधीची मुदत जूनची होती, ती वाढवली. मध्यरात्रीनंतर डबा नसलेल्या टीव्हीवर नुसत्या मुंग्या. दिवाळी दोन आठवड्यांवर, आणि दादाकडे डब्यांसाठी रांग. त्याने इमारतीत डबे बसवले, पण प्रत्येक डब्याचा नंबर कंपनीच्या कॉम्प्युटरवर गेला. आता घरं लपवता येत नव्हती, हे बरोबरच झालं. चित्रही स्वच्छ आलं, कारण जुन्या पद्धतीत एका चॅनेलला लागणाऱ्या जागेत आता आठ-दहा बसत होते. पण त्याच दिवशी दादाची वहीही संपली. अम्मांना सन टीव्ही द्यायचा की नाही, हे आता तो ठरवू शकत नव्हता.

एक फेब्रुवारी

२०१९ ची १ फेब्रुवारी मला विसरता येणार नाही. ट्रायचे नवे नियम त्या दिवसापासून पूर्ण लागू झाले. शंभर चॅनेलपर्यंत १३० रुपये आणि १८ टक्के जीएसटी, म्हणजे १५३ रुपये ४० पैसे, ही नुसती जोडणीची फी. त्या शंभरात दूरदर्शनचे पंचवीस. त्यावर प्रत्येक पे चॅनेलची छापील किंमत निराळी, आणि गठ्ठ्यात द्यायचा असेल तर तो १९ रुपयांपेक्षा महाग नसावा. मुळात हेतू असा की बघाल त्याचेच पैसे द्या.

ऐकायला किती चांगलं! पण त्यासाठी आधी यादी भरून द्यायची होती. इंग्रजीतली, बारीक अक्षरांची, शेकडो नावांची यादी. मी आणि दादा आठ दिवस सोसायटीच्या ऑफिसात बसलो. एकेका घरातली आजी येऊन सांगायची, "तो नाही का, संध्याकाळी कीर्तन लागतं तो." दादाला ते कळायचं, कॉम्प्युटरला कळत नव्हतं. हिशेब करून पाहिला तर थोडे चॅनेल बघणाऱ्यांचं बिल कमी झालं, पण ज्या घरात तीन पिढ्या आणि दोन भाषा, तिथे ते वाढलं. आपल्या इमारतीत अशीच घरं जास्त.

माझ्या स्वतःच्या घरची यादी मात्र राहिली. लोकांच्या याद्या भरता भरता आईची भरायला विसरलो. १ तारखेला संध्याकाळी सात वाजता तिच्या टीव्हीवर निळी पाटी. आई तेव्हा अंथरुणाला खिळलेली, तिचा सगळा दिवस त्या सातच्या मालिकेची वाट बघण्यात जायचा. ती काही बोलली नाही. भिंतीकडे तोंड करून झोपली. दुसऱ्या दिवशी दुपारी चॅनेल आला, पण ती एक संध्याकाळ मी तिला परत देऊ शकलो नाही. त्याच वर्षी पावसाळ्यात ती गेली.

पुढे त्या नियमांत पुन्हा बदल झाले. चॅनेलवाल्यांनी ते मुंबई उच्च न्यायालयात नेले आणि २०२१ मध्ये न्यायालयाने त्यातले बहुतेक कायम ठेवले. पण तोवर निम्म्या घरांचं लक्ष टीव्हीवरून उडालं होतं.

ज्याचा त्याचा पडदा

हॉटस्टार आलं २०१५ मध्ये, नेटफ्लिक्स भारतात ६ जानेवारी २०१६ ला, आणि त्याच डिसेंबरात ॲमेझॉनचं प्राइम व्हिडिओ. पण आपल्या जिन्यात खरा फरक पडला तो ५ सप्टेंबर २०१६ ला, जिओ सुरू झाल्यावर. डेटा स्वस्त झाला आणि पोरं कॉमन पॅसेजमध्ये मान खाली घालून बसू लागली. नेटफ्लिक्सचा सर्वांत स्वस्त पॅक सुरुवातीला महिना ५०० रुपये होता. त्यांनी २०१९ मध्ये फक्त मोबाइलसाठी १९९ चा काढला, २०२१ च्या डिसेंबरात तो १४९ वर आणला. दादाच्या गल्लीत टिकायचं तर दर उतरवावा लागतो, हे त्यांनाही कळलं.

टाळेबंदीत मात्र एक चमत्कार झाला. २८ मार्च २०२० पासून दूरदर्शनने 'रामायण' पुन्हा दाखवलं आणि चार वर्षांचा माझा नातू माझ्या मांडीवर बसून तेच बाण बघू लागला जे त्याच्या बापाने चाळीत चपलांच्या ढिगावर बसून बघितले होते. चित्रीकरणं बंद, सगळीकडे जुनेच भाग, त्यामुळे काही महिने सगळी इमारत पुन्हा एकच गोष्ट बघत होती.

त्यानंतर गाडी पुढे गेली ती गेलीच. २०२३ ची आयपीएल जिओ सिनेमावर फुकट दिसली. त्याच वर्षी नेटफ्लिक्सने एकाच पासवर्डवर दोन घरं बंद केली, आणि आपल्या इमारतीतल्या चार घरांचे एकमेकांशी असलेले गुप्त संबंध उघडकीला आले! १४ फेब्रुवारी २०२५ ला जिओ सिनेमा आणि हॉटस्टार एक होऊन जिओहॉटस्टार झालं. फुकटची सवय लागली की पैसे मागायचे, हे नव्वदीत केबलवर पाहिलं होतं, तेच आता फोनवर पाहतोय. माझ्या मुलाने परवा हिशेब मांडला : चार ॲप, फायबर आणि वर्षाची वर्गणी. केबलच्या दुप्पट. "पण बाबा, यात निवड आहे," तो म्हणाला. मी म्हटलं, "अरे, निवड २००६ मध्येही होती, ५ रुपयांना."

एक फरक मात्र मूळचा आहे. केबलमध्ये एकच चित्र एकाच वेळी सगळ्या घरांत जातं. फोनवर प्रत्येकाला वेगळं, मागेल तेव्हा, तुकड्या-तुकड्यांनी पाठवतात. म्हणून ते थोडं मागे असतं. २९ जून २०२४ च्या रात्री टी-ट्वेंटी विश्वचषकाचा अंतिम सामना आठवतो ना? शेवटच्या षटकात सूर्यकुमारने सीमारेषेवर झेल घेतला तेव्हा आधी तिसऱ्या मजल्यावरून आरोळी आली. फोनवाले आम्ही एकमेकांकडे बघत राहिलो. आमच्या पडद्यावर चेंडू अजून टाकायचाच होता. तिसऱ्या मजल्यावर केबल होती.

कापलेली वायर

आता त्या वायरीकडे येतो.

गच्चीवर दादाला बोलावून घेतलं. तो एकेक वायर हातात घेऊन सांगत होता, ही २००० ची, ही पुरानंतरची, ही डब्याच्या वेळची. मी कापत होतो. एका वायरीवर तो थांबला. "ही राहू द्या, बघतो." त्याला खाली फोन आला, तो गेला. मला घाई. कॉन्ट्रॅक्टर उभा, ऊन चढलेलं. वायरीचा वरचा थर पार उडालेला, तांबं हिरवं पडलेलं. मी म्हटलं, ही काय जिवंत असणार? आणि कापली.

चार दिवसांनी तिसऱ्या मजल्यावरच्या मावशी जिन्यात भेटल्या. शीवच्या बाजारात चाळीस वर्षं मासळी विकलेली बाई, आवाज असा की समोरच्या स्टेशनावर ऐकू जावा. त्या दिवशी हळू बोलत होत्या. म्हणाल्या, "टीव्ही बंद पडलाय. पोरानं पैसे भरले नसतील यावेळी. त्याची पण ओढाताण असते. म्हटलं कशाला विचारायचं?"

चार दिवस ती बाई काळ्या पडद्यासमोर बसून होती, आणि मुलाला अवघड वाटेल म्हणून गप्प होती. पैसे त्याने वेळेवर भरले होते. वायर मी कापली होती. मला आईची ती भिंतीकडे वळलेली पाठ आठवली.

दादाला बोलावलं. त्याने अर्ध्या तासात जोडून दिली. पण जाताना म्हणाला, "काका, इमारतीत केबलची सहा घरं राहिलीत. सगळी म्हाताऱ्या माणसांची. कमिटी डक्ट फक्त फायबरला देणार असं ऐकतोय. तसं असेल तर सांगा, मी जास्त दिवस ओढत नाही."

ते खरं होतं. ठराव तयार होता, आणि मसुदा तपासून देणारा मीच. गच्ची मोकळी करायची, सगळ्या जुन्या वायरी काढायच्या. दिसायला नीटनेटकं. पण त्या सहा घरांत फोनवर बोट फिरवून, पासवर्ड टाकून, ओटीपी वाचून मालिका लावणारं कोणी नाही. त्यांच्या हातातल्या रिमोटची दोन बटणं झिजलेली आहेत आणि तेवढीच त्यांना पुरतात. सभेत मी उभा राहिलो आणि आपणच तपासलेल्या मसुद्याच्या विरुद्ध बोललो. तरुण मंडळींनी ऐकून घेतलं, त्यांचे आभार. ठराव बदलला : मेलेल्या वायरी काढायच्या, डिश सगळ्या ठोकळ्यावर, आणि डक्टमधून फायबरच्या शेजारी केबलची एक नवी वायर. कोणती वायर कुठल्या घरची, त्याची पट्टी प्रत्येक मजल्यावर. पट्ट्यांवरची अक्षरं माझी आहेत. वाकडी आहेत, पण मोठी आहेत.

या पंचवीस वर्षांत अँटेना गेला, डिश गेल्या, डबे बदलले, कंपन्यांची नावं बदलली. पुढच्या पंचवीस वर्षांत फायबरही जाईल आणि कोणीतरी पक्कड घेऊन गच्चीवर चढेल. त्याला माझं एवढंच सांगणं आहे : वायर मेलेली दिसली तरी कापण्याआधी खाली एकेका घराची बेल वाजवून विचार. आणि जे तक्रार करत नाहीत, त्यांची बेल आधी वाजव.

तिसऱ्या मजल्यावर संध्याकाळी सात वाजता आता पुन्हा आवाज असतो. जिन्यात सातव्या मजल्यापर्यंत ऐकू येतो. त्याबद्दल अजून कोणी कमिटीकडे तक्रार केलेली नाही.

रौप्यमहोत्सवाच्या सगळ्यांना शुभेच्छा!